मौजर हे नाव कुठून आलं? बंदूककाराच्या तेराव्या पोराची गोष्ट

निवडणूक लागली की आपल्या भागात एक धावपळ ठरलेली. परवानाधारकांनी आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. पीक संरक्षणाच्या परवान्यावर आजोबांच्या काळापासून घरात असलेली ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर निघते. ठाण्याच्या आवारात मग गप्पा रंगतात. कुणाची ठासणीची, कुणाची काडतुसाची, कुणाची एकनळी, कुणाची दुनळी. आणि त्या गप्पांत एक नाव हमखास निघतं, ते म्हणजे मौजर. कुणाला ते पिस्तुलाचं नाव वाटतं, कुणाला बंदुकीचं. मौजर हे एका माणसाचं आडनाव होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या माणसाची ही गोष्ट.

त्याचं पूर्ण नाव पीटर पॉल माउझर. जन्म 27 जून 1838 चा. गाव ओबरनडॉर्फ, नेकार नदीच्या काठी. आज हे गाव जर्मनीत आहे, पण तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हताच. व्युर्टेमबर्ग नावाचं एक छोटं राज्य होतं, त्यातलं हे डोंगराच्या कुशीतलं गाव. 1811 साली तिथल्या राजाने गावातल्या एका जुन्या मठाच्या इमारतीत सरकारी बंदूक कारखाना सुरू केला होता. पॉलचे वडील फ्रान्झ आंद्रेआस त्याच कारखान्यात बंदूककार म्हणून कामाला होते. पॉल हा त्यांचा तेरावा मुलगा. घरात माणसं भरपूर आणि पगार एक, म्हणजे काय हाल असतील ते आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पोरं हाताशी आली की कारखान्यात लागायची. पॉल आणि त्याचा चार वर्षांनी मोठा भाऊ विल्हेल्म, दोघेही त्याच वाटेने गेले. कानस कशी धरायची, नळी कशी तपासायची, लोखंडावर लोखंड कसं बसवायचं, हेच त्यांचं शिक्षण.

1859 साली पॉलला सक्तीच्या लष्करी सेवेत जावं लागलं. त्याला तोफखान्यात घेतलं आणि लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात ठेवलं. तिथे एका बंदुकीने त्याच्या डोक्यात घर केलं. ती होती ड्राइझेची सुईची बंदूक.

इथे थोडं थांबून ती बंदूक समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपली ठासणीची बंदूक कशी भरतात ते पाहिलेलं असेल. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधी नाहीतर काथ्या, मग छरे, आणि गजाने ठासायचं. मागे केप बसवायची. हे सगळं उभं राहून करावं लागतं, वेळ जातो, आणि डुक्कर तेवढ्यात शेताच्या पार गेलेलं असतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या बहुतेक फौजा अशाच बंदुका घेऊन लढत होत्या. योहान निकोलाउस ड्राइझे नावाच्या एका कुलूपवाल्याच्या मुलाने 1836 साली यावर तोड काढली. बंदूक पुढून भरण्याऐवजी मागून भरायची. नळीचं मागचं तोंड उघडं ठेवायचं, कागदी काडतूस आत सरकवायचं आणि मागून कडी लावायची. आपल्या दाराला आडवी कडी असते, तिची मूठ धरून पुढे सारली आणि खाली वळवली की दार बंद, अगदी तशीच. यालाच आज बोल्ट म्हणतात. एका वेळी गोळी एकच. उडवली की कडी वर करायची, मागे ओढायची, दुसरी गोळी घालायची. ड्राइझेच्या कारखान्यात याच पद्धतीची, एका वेळी एकच गोळी घ्यायची पिस्तुलंही तयार झाली. जुन्या हत्यारांचे संग्रह करणारे लोक आजही ती जपून ठेवतात.

प्रशियाच्या फौजेने ही बंदूक घेतली आणि 1866 च्या लढाईत ऑस्ट्रियाला धूळ चारली. कारण सोपं होतं. ठासणीवाला ऑस्ट्रियन शिपाई बंदूक भरायला उभा राहायचा, आणि प्रशियाचा शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या भरायचा.

पण त्या बंदुकीत खोट होती. आतली लांब सुई कागदी काडतुसातून आरपार जाऊन केपवर आपटायची, त्यामुळे दारूच्या आगीत ती जळायची आणि मोडायची. कडीच्या सांध्यातून गरम वाफ मागे यायची, थेट तोंडाजवळ. शिवाय कडी लावली तरी बंदूक तयार होत नसे, आतला खटका हाताने वेगळा ताणावा लागायचा. लढाईच्या धांदलीत माणूस एखादी पायरी विसरला की संपलं.

पॉलला हे खटकत होतं. शिपाई विसरणारच, मग बंदुकीनेच ते लक्षात ठेवलं पाहिजे, हा त्याचा विचार. नोकरीतून परत आल्यावर तो आणि विल्हेल्म कामाला लागले. पॉलने असा बोल्ट बनवला की मूठ वर फिरवताना आतली कमान आपोआप ताणली जाईल. म्हणजे उघडण्याच्या हालचालीतच अर्धं काम झालं. पुढे त्याने कागदी काडतूस सोडून पितळी काडतूस धरलं. पितळ आतल्या दाबाने किंचित फुगतं आणि नळीचं मागचं तोंड घट्ट बुजवतं, त्यामुळे तोंडावर वाफ येण्याचा प्रकार बंद झाला.

वस्तू चांगली होती, पण गिऱ्हाईक मिळेना. हे दुखणं शेतकऱ्याला नवीन नाही. माल चोख असून काय उपयोग, बाजार मिळाला तर खरं. त्यांच्या स्वतःच्या राज्याने लक्ष दिलं नाही. शेवटी सॅम्युअल नॉरिस नावाचा अमेरिकन माणूस भेटला. तो रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचा युरोपातला प्रतिनिधी होता. त्याने करार केला आणि 1867 साली दोघा भावांना बेल्जियममधल्या लिएज शहरात नेलं. पहिलं पेटंट निघालं ते 1868 साली, तेही अमेरिकेत, आणि त्यावर दोघा भावांबरोबर नॉरिसचंही नाव होतं. पण पुढे नॉरिसचा उत्साह ओसरला आणि ठरलेले पैसे यायचे थांबले. दोघे भाऊ रिकाम्या हाताने गावी परतले. पॉलच्या सासऱ्याच्या घरातच त्यांनी कामाची जागा केली आणि पुन्हा कानस धरली.

विल्हेल्म बोलण्यात हुशार, अधिकाऱ्यांकडे खेटे घालायचं काम त्याचं. पॉल अबोल, तो बाकावर बसून लोखंडाशी झगडणार. दोघांची जोडी अशी होती की एकाला वगळलं तर दुसऱ्याचं काम अडेल. प्रशियाच्या फौजेने त्यांची बंदूक तपासायला घेतली. चाचण्या झाल्या, बदल सुचवले गेले, पॉलने ते करून दिले. आणि 1871 साली, जर्मनी एक देश झाला त्याच वर्षी, नव्या देशाच्या फौजेसाठी माउझर बंधूंची बंदूक पसंत झाली. पुढे ती मॉडेल 71 या नावाने ओळखली गेली.

ही बंदूक एका वेळी एकच गोळी घेणारी होती. नळी 11 मिलिमीटरची, आत काळी दारू, मागे वळवायचा बोल्ट आणि त्यावर चाप रोखून धरणारा छोटा पंखासारखा खटका. गोळी उडाली की बोल्ट मागे ओढायचा, पितळी टरफल बाहेर यायचं, पण ते बाजूला फेकणारा भाग तिच्यात नव्हता. बंदूक जरा कलती करून टरफल खाली पाडावं लागायचं. आज ऐकायला हे संथ वाटतं. पण ठासणीच्या मानाने हा फरक म्हणजे मोटेवरून थेट इंजिनावर आल्यासारखा होता.

1874 साली एक गोष्ट घडली. ज्या सरकारी कारखान्यात बापाने आयुष्य काढलं, तो कारखानाच दोघा मुलांनी विकत घेतला. बँकेचं पाठबळ होतं आणि व्युर्टेमबर्गसाठी 1 लाख बंदुका बनवायचं काम हातात होतं. त्याच आवारात त्यांचे वडील हातात कानस घेऊन उभे राहिले होते.

पॉलने छोट्या हत्यारांतही हात घालून पाहिला. 1877 च्या सुमारास त्याने एकच गोळी घेणारं एक पिस्तूल काढलं. बांधणी देखणी होती, पण ते चाललं नाही. तोवर पाच-सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर सगळीकडे झाली होती, एका गोळीचं पिस्तूल फौजेला कशाला हवं? मोजकेच नग तयार झाले. आज जुन्या हत्यारांच्या शौकिनांना तेच पिस्तूल हवंहवंसं वाटतं, कारण ते दुर्मीळ आहे. पुढच्या वर्षी त्याने रिव्हॉल्व्हरही काढलं, पण तेही फौजेने घेतलं नाही. दोनदा हात पोळले, तरी हा माणूस बाकावरून उठला नाही.

1882 साली विल्हेल्म गेला. वय अवघं 47. पॉलचा उजवा हातच गेला म्हणायचा. व्यवहाराची बाजू लंगडी पडली. 1887 मध्ये तुर्कस्तानकडून 5 लाखांवर बंदुकांची मागणी आली, पण त्याच काळात कंपनीचा ताबा बर्लिनच्या लोवे कंपनीकडे गेला. म्हणजे नाव माउझरचं, मालकी दुसऱ्याची, आणि पॉल तांत्रिक बाजू सांभाळायला. त्याहून मोठा धक्का पुढच्या वर्षी बसला. जर्मन फौजेने 1888 साली नवी बंदूक घेतली आणि ती एका लष्करी समितीने तयार केली होती. पॉलला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्याने तक्रारी करण्यात वेळ घालवला नाही. बेल्जियमने 1889 साली त्याची नवी बंदूक घेतली. पाच गोळ्या एका पत्र्याच्या पट्टीत अडकवून अंगठ्याने एकदम आत ढकलायच्या, ही सोय तिच्यात होती. 1893 साली स्पेनने आणखी सुधारलेली बंदूक घेतली. आणि अखेर 1898 साली जर्मन फौज पुन्हा त्याच्या दारात आली. त्या वर्षीचं मॉडेल 98 हे पॉल माउझरच्या आयुष्यभराच्या कामाचं सार. आजही जगात शिकारीच्या कितीतरी रायफली त्याच बोल्टच्या धर्तीवर बनतात.

त्याच 1898 साली क्युबात स्पेन आणि अमेरिका लढले. स्पेन हरला, पण स्पॅनिश शिपायांच्या माउझरने अमेरिकन फौजेला चांगलाच हिसका दिला. पुढे 1903 साली अमेरिकेने स्वतःची नवी रायफल काढली तेव्हा तिच्यात माउझरच्या कल्पना एवढ्या होत्या की अमेरिकन सरकारला त्यापोटी 2 लाख डॉलर मोजावे लागले. ज्याला एकेकाळी एका अमेरिकन माणसाकडून ठरलेले पैसे मिळाले नव्हते, त्याच्या कंपनीला अमेरिकेच्या तिजोरीतून पैसे आले.

दक्षिण आफ्रिकेत 1899 पासून बोअर लोक इंग्रजांशी लढले. हे बोअर म्हणजे शेतकरीच. घोडा आणि माउझर एवढ्यावर त्यांनी इंग्रजांच्या मोठ्या फौजेला घाम फोडला. जानेवारी 1900 मध्ये स्पिऑन कोपच्या टेकडीवर मोठी लढाई झाली. तिथल्या जखमी इंग्रज शिपायांना डोलीवर उचलून आणणाऱ्यांत आपली हिंदी माणसं होती आणि त्यांचा म्होरक्या होता मोहनदास करमचंद गांधी नावाचा तरुण वकील.

आता पिस्तुलाकडे येऊ. ज्याला आपल्याकडे मौजर म्हणतात, ते लाकडी मुठीचं, पुढे चौकोनी पेटीसारखं दिसणारं पिस्तूल पॉलने स्वतः बनवलेलं नाही. त्याच्या कारखान्यातल्या फेडरले नावाच्या भावांनी ते तयार केलं. पेटंट मात्र 1895 साली निघालं ते माउझरच्या नावाने, आणि जगभर नाव झालं तेही माउझरचंच. दहा गोळ्या एका पाठोपाठ उडवणारं ते पिस्तूल होतं. एका गोळीच्या पिस्तुलाने हात पोळलेल्या कारखान्याला अशा रीतीने पिस्तुलातही यश मिळालं.

पण हत्यार कधी बनवणाऱ्यालाही सोडत नाही. 1901 साली आपोआप भरणाऱ्या नव्या रायफलीची चाचणी करताना अपघात झाला आणि पॉलचा एक डोळा गेला. वय तेव्हा साठीच्या पुढे. लोखंडाची नस न् नस ओळखणारा, आयुष्यभर बंदूक सुरक्षित कशी होईल याचाच विचार करणारा माणूस, आणि स्वतःच्याच हातातल्या बंदुकीने त्याला इजा केली. तो त्यानंतरही कामावर जातच राहिला. 1898 ते 1903 या काळात तो जर्मन संसदेचा सदस्यही होता. उतारवयात त्याला सरदारकीचा मान मिळाला आणि नावात फॉन लागलं.

29 मे 1914 रोजी ओबरनडॉर्फमध्येच त्याचं निधन झालं. वय 75. दोन महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं. त्यात लाखो जर्मन शिपाई मॉडेल 98 घेऊन खंदकात उतरले. त्या बोल्टने किती माणसं मारली आणि किती वाचवली, याचा हिशोब कुणी मांडू शकत नाही. पॉलला ते पाहावं लागलं नाही, एवढंच.

आणि आपल्या देशाशी त्याचं नातं जुळलं ते त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्यात रॉडा नावाच्या बंदूक व्यापारी कंपनीचा माल गोदीतून निघाला. त्यातली एक बैलगाडी क्रांतिकारकांनी परस्पर वळवली. तिच्यात 50 माउझर पिस्तुलं आणि 46 हजार काडतुसं होती. ती बंगालभर वाटली गेली. 1915 साली बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार पोलिसांशी लढले ते माउझर घेऊनच. 9 ऑगस्ट 1925 च्या काकोरीच्या रेल्वे प्रकरणात रामप्रसाद बिस्मिल यांच्या गटाजवळही माउझर पिस्तुलं होती. त्या रात्री गडबडीत एका पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि एक निरपराध प्रवासी गेला. चार क्रांतिकारक फासावर चढले. मौजर हा शब्द हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यात पोचला तो असा.

पॉलच्या पहिल्या विचाराचं पुढे काय झालं? एका वेळी एक गोळी, मागे वळवायची कडी, हे युद्धातून कधीच गेलं. पण नेमबाजीच्या खेळात ते टिकून आहे. ऑलिम्पिकमध्ये 50 मीटरच्या पिस्तूल प्रकारात एकच गोळी घेणारं पिस्तूल 2016 पर्यंत वापरलं जायचं. आणि 2024 साली पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. त्या प्रकारात रायफलमध्ये एका वेळी एकच गोळी भरायची असते. गोळी घाला, कडी लावा, श्वास रोखा, एकच बार. दुसरी गोळी आत नसल्यामुळे माणूस पहिली वाया घालवत नाही.

म्हणून परवानाधारक मंडळींना चार शब्द. घरातली जुनी बंदूक ही ठेव आहे, पण ती खेळणं नाही. काळ्या दारूच्या काळातली नळी आताच्या काडतुसाचा दाब सोसेलच असं नाही, तेव्हा परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय बार उडवू नका. हातात घेतली की आधी उघडून बघा, आत काही आहे का. दुसऱ्याने रिकामी आहे म्हणून सांगितलं तरी स्वतः बघा. मूळ परवानाधारक वारले असतील तर बंदूक माळ्यावर लपवून ठेवू नका. पोलीस ठाण्यात कळवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही ध्यानात असू द्या.

बंदुकीने एक डोळा घेतला तो ती घडवणाऱ्याचा. आपण तर नुसते वापरणारे.